मुसाफिराचे ताट आणि 'शुद्ध' हा शब्द

पोलादपूर-महाड भागातला आपला माणूस घराबाहेर पडला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक मुंबईची आणि मुंबईवरून पुढे आखाताची. ती पोटासाठीची वाट. दुसरी उत्तरेची. अजमेरला ख्वाजासाहेबांच्या उरुसाला, दिल्लीला निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यावर, अलीगढला किंवा देवबंदला शिकणाऱ्या मुलाला भेटायला, नाहीतर आग्र्याचा ताज एकदा डोळ्यांनी पाहायला. या दुसऱ्या वाटेला लागणाऱ्याला घरातली वडीलधारी माणसे एक सल्ला आवर्जून देतात. अनोळखी गावात जेवायची वेळ आली तर 'वैष्णव भोजनालय' अशी पाटी शोध आणि डाळ-रोटी खाऊन घे. कोंबडी कोणी कापली, कशी कापली, याची खातरजमा परक्या मुलखात करता येत नाही. डाळीला ती अडचण नाही.

या सल्ल्यात एक मौज आहे. ज्या पाटीकडे पाहून एखादा कर्मठ ब्राह्मण किंवा जैन मुसाफिर निर्धास्त होतो, त्याच पाटीकडे पाहून कोकणातला मुसलमानही निर्धास्त होतो. एकाला मांस नको असते, दुसऱ्याला हरामची शंका नको असते. दोघे शेजारच्या बाकांवर बसून एकाच कढईतली भाजी खातात आणि आपापल्या धर्माला सांभाळून पुढे निघतात. तेव्हा उत्तरेच्या वाटेवरचे हे शाकाहारी ताट खरे म्हणजे कोणाचे? ते सर्वांना जवळ बसवण्यासाठी आहे की काहींना दूर ठेवण्यासाठी? इतिहासात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे सापडतात.

आमच्या उर्दू शाळेत इतिहास शिकवताना शेरशाह सूरी येतो तेव्हा त्याने रस्ते बांधले, सराया बांधल्या, असे एक-दोन ओळींत सांगून पुढे जाण्याची पद्धत आहे. एकदा एका मुलाने विचारले, "सर, सरायमध्ये जेवायला काय मिळायचे?" प्रश्न साधा होता, पण इतिहासाच्या पुस्तकात सहसा न येणारा होता. त्याचे उत्तर अब्बास खान सरवानीच्या 'तारीख-ए-शेरशाही'त आहे. शेरशाहची कारकीर्द अवघी पाच वर्षांची, १५४० ते १५४५. तेवढ्या काळात त्याने बंगालमधील सोनारगावपासून सिंधू नदीपर्यंतचा रस्ता नीट केला. आग्र्याहून दख्खनच्या वेशीवरच्या बुऱ्हाणपूरपर्यंतचा दुसरा रस्ताही त्याचाच. या रस्त्यांवर दर दोन कोसांवर एक सराय होती. अशा १७०० सराया त्याने उभारल्याचे सरवानी लिहितो. प्रत्येक सरायमध्ये हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी वेगळी राहण्याची जागा होती. दरवाजापाशी पाण्याचे रांजण भरून ठेवलेले असत. हिंदू मुसाफिरांसाठी ब्राह्मण नेमलेले होते. गरम-थंड पाणी, बिछाना, जेवण आणि घोड्याला दाणा, एवढी व्यवस्था त्यांच्याकडे होती. सरायच्या मधोमध विहीर आणि मशीद असे. इमाम आणि मुअज्जिन नेमलेले असत.

आजच्या नजरेने पाहिले तर यात वेगळेपण आहे. चुली वेगळ्या, खोल्या वेगळ्या. पण त्यातला दुसरा अर्थही सोडून चालणार नाही. पठाण बादशहाच्या खजिन्यातून ब्राह्मण आचाऱ्याचा पगार निघत होता. मुसाफिराचा धर्म विचारला जात होता तो त्याला त्याच्या पचनी पडेल असे अन्न देण्यासाठी, त्याला दरवाजातून परत पाठवण्यासाठी नव्हे. एकाच छपराखाली दोन चुली, ही त्या काळाची सोय होती.

पुढे अकबराच्या काळात ही गोष्ट आणखी एक पाऊल पुढे गेली. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याचे वर्णन केले आहे. त्यात पदार्थांचे तीन वर्ग आहेत. मांस अजिबात नसलेल्या पहिल्या वर्गाला त्याने 'सूफियाना' म्हटले आहे. त्यात खिचडी आहे, जर्द बिरिंज म्हणजे केशरी गोड भात आहे, डाळ, साग आणि हलवा आहे. अकबर आठवड्यातले ठरावीक दिवस मांस खात नसे आणि त्या दिवशी हेच पदार्थ ताटात येत. मुसलमान म्हणजे मांसाहार आणि शाकाहार म्हणजे हिंदू, असे सरळ समीकरण मांडणाऱ्यांनी हा 'सूफियाना' शब्द लक्षात ठेवावा. बिनमांसाच्या जेवणाला नाव दिले गेले ते सूफींचे.

अकबरावर सतत नाराज असलेला इतिहासकार बदायुनी आणखी एक माहिती देतो. बादशहाने शहराबाहेर गोरगरिबांच्या जेवणासाठी दोन जागा उभारल्या. मुसलमानांसाठी खैरपुरा आणि हिंदूंसाठी धर्मपुरा. जोगी मोठ्या संख्येने येऊ लागले तेव्हा त्यांच्यासाठी तिसरी जागा काढावी लागली, जोगीपुरा. येथेही चुली वेगळ्याच. पण याच काळात दोन ठिकाणी अशी चूल पेटलेली होती की जिच्यापुढे वेगळी पंगत मांडायची गरजच उरत नव्हती.

पहिले ठिकाण पंजाबात. शीख गुरूंच्या लंगरात जात, धर्म, दर्जा न विचारता सगळे एका पंगतीत जमिनीवर बसत. तिसरे गुरू अमरदास यांच्या काळात गोइंदवाल येथे आधी पंगत, मग गुरूंची भेट, असा रिवाज होता. खुद्द अकबर तेथे आला तेव्हा तोही पंगतीत बसला, असे शीख परंपरा सांगते. लंगरचे जेवण शाकाहारी ठेवण्याचा फायदा उघड आहे. ज्याला मांस चालत नाही तो उठून जात नाही आणि ज्याला फक्त हलाल चालते तोही उठून जात नाही. आजही अमृतसरच्या हरमंदिर साहिबात रोज हजारो माणसे डाळ, रोटी आणि खीर खाऊन उठतात. त्यांत वाटसरू मुसलमानही असतात.

दुसरे ठिकाण आपल्या जास्त ओळखीचे. अजमेरच्या दर्ग्यातील दोन देगा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. मोठी देग अकबराने दिलेली, लहान देग जहांगीरने. जहांगीर १६१३ ते १६१६ अजमेरला मुक्कामी होता. आग्र्यात बनवून आणलेली देग त्याने दर्ग्याला दिली आणि पहिल्या दिवशी पाच हजार गरिबांना जेवू घातले, ही नोंद त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे. या देगांत आज काय शिजते? तांदूळ, तूप, साखर, सुकामेवा, केशर. मांसाचा तुकडाही पडत नाही. कारण ख्वाजांच्या दारी येणाऱ्यांत हिंदूही असतात आणि तबर्रुक हातात घेताना कोणाच्या मनात किंतु येऊ नये. उत्तरेतल्या सर्वांत मोठ्या शाकाहारी स्वयंपाकांपैकी एक असा दर्ग्यात शिजतो. त्याच्यासाठी 'शुद्ध' असा शब्द लिहिलेली पाटी तेथे लावावी लागलेली नाही.

उत्तरेच्या या वाटेवर आपल्या भागातून कोण गेले? पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. 'शिवभारत' लिहिणारे हे परमानंद १६६६ साली शिवाजी महाराजांबरोबर आग्र्याला गेले होते. त्या मुक्कामातले मिठाईचे पेटारे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. पण ती मिठाईच का होती, हे आपण विचारत नाही. आजारपणातला दानधर्म म्हणून हे पेटारे ब्राह्मणांकडे आणि साधू-फकिरांकडे रवाना होत. मिठाई अशी वस्तू की ती कोणाकडेही पाठवली तरी संशय येत नाही. सर्वांना चालणारे अन्न पहाऱ्यावरूनही सहज निघून गेले.

त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी आपल्याच जिल्ह्यातला, पेण तालुक्यातील वरसईचा विष्णुभट गोडसे हा भिक्षुक ब्राह्मण उत्तरेकडे निघाला. साल होते १८५७. घरावर कर्ज होते. मथुरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा मिळणार, अशी बातमी होती. तो महूपर्यंत पोचतो न पोचतो तो बंडाची आग भडकली. झाशीचा पाडाव त्याने शहरात राहून पाहिला. त्याची ही हकिकत 'माझा प्रवास' या नावाने चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली. अशा प्रवाशाच्या पोटाची सोय कशी होत असे, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या कर्मठ ब्राह्मणाला वाटेवर आयते शिजलेले कोठेही खाऊन चालत नसे. शिधा बरोबर घ्यायचा, नदीवर स्नान करायचे, चूल मांडायची आणि स्वतः शिजवायचे. नाहीतर ओळखीच्या ब्राह्मणाचे घर गाठायचे किंवा एखाद्या संस्थानिकाचे अन्नछत्र. अहिल्याबाई होळकरांनी काशी, गया, हरिद्वारसारख्या तीर्थांत घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांच्यावर एवढा खर्च का केला, ते यावरून कळते. पाहुण्याला पैसे घेऊन शाकाहारी जेवण वाढणारे हॉटेल ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. विष्णुभट परतला तो गंगेची कावड घेऊन. कावड हा शब्द पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

मग आगगाडी आली. शिधा बांधून चालणारा मुसाफिर डब्यात बसला. गाडी स्टेशनावर दहा मिनिटे थांबणार, तेवढ्यात चूल मांडता येत नाही. तहान लागली तर नळाखाली ओंजळ धरावी लागते. रेल्वेने यावर उपाय काढला तो वाटणीचा. फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या घुमू लागल्या. चहा तसाच, उपाहारगृहेही तशीच वेगळी. शेरशाहच्या सरायमध्ये वेगळी चूल होती, पण पाण्याला धर्म चिकटवून तो फलाटभर ओरडून सांगण्याचे काम विसाव्या शतकापर्यंत खुलेआम चालले.

गांधीजी १९१५ साली हरिद्वारच्या कुंभाला गेले. सहारनपूरहून पुढचा प्रवास मालगाडीच्या उघड्या डब्यांतून होता. वर ऊन, खाली तापलेले लोखंड. घसा कोरडा पडलेला असताना समोर आलेले पाणी 'मुसलमानी' आहे म्हणून लोक ते नाकारत आणि 'हिंदू' पाणी येईपर्यंत तडफडत, हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. हीच माणसे आजारी पडल्यावर डॉक्टरने काय पाजले, कोणत्या धर्माच्या कंपाउंडरने पाजले, याची चौकशी करत नाहीत, हेही त्यांनी तेथेच नोंदवले. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पाणी शाकाहारीही नसते आणि मांसाहारीही नसते. पाण्याच्या बाबतीत प्रश्न ताटातल्या पदार्थाचा नव्हताच. तो वाढणाऱ्या हाताचा होता.

पाणी आणि हात म्हटल्यावर उत्तरेकडून मागे वळून आपल्या महाडात यावेच लागते. कारण हा प्रश्न सर्वांत उघडपणे येथेच मांडला गेला. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्यायले. या परिषदेच्या वेळी पिण्याचे पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले होते. पावसाळ्यात सावित्री-गांधारीच्या पुरात बुडणाऱ्या गावात!

त्यानंतर काय झाले, ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जमावाने मंडपावर हल्ला केला. परतण्यापूर्वी जेवायला बसलेल्या माणसांचे अन्न मातीत तुडवले गेले, भांडी फोडली गेली. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य घालून, मंत्र म्हणून. भोजनालयांच्या पाट्यांवर जो 'शुद्ध' शब्द आपण सहज वाचतो, तो महाडच्या इतिहासात असा उमटला आहे.

आणि आपण मुसलमान तेव्हा कोठे होतो? ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चवदार तळ्याचे पाणी मुसलमानांना वर्ज्य नव्हते. आपली माणसे ते भरत होती. अस्पृश्यांना मात्र ते बंद होते. म्हणजे ओढलेल्या रेषेच्या आतल्या बाजूला आपण होतो. आतल्या बाजूच्या माणसाला रेष सहसा दिसत नाही. तरीही त्या दिवशी हल्ला झाला तेव्हा मार खाणाऱ्यांना महाडच्या काही मुसलमानांनी आपल्या घरांत आसरा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरायची होती. मंडपाला जागा द्यायला कोणी तयार नव्हते. तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्याच जमिनीवर २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. फत्तेखानांचे नाव आपल्या उर्दू शाळांतल्या किती मुलांना ठाऊक आहे?

स्वातंत्र्य आले. स्टेशनांवरच्या हिंदू-मुसलमान पाण्याच्या पाट्या उतरल्या. राज्यघटनेच्या १५व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून आडकाठी आणायला मनाई केली. उपाहारगृह आणि तलाव एकाच कलमात बसले आहेत. त्यामागे महाडचाही अनुभव आहे, हे मानायला जागा आहे.

फाळणीने उत्तरेतल्या खाणावळींचा नकाशाही बदलला. अमृतसरचा प्रसिद्ध केसर ढाबा पूर्ण शाकाहारी आहे. पण तो मूळचा अमृतसरचा नव्हे. तो १९१६ साली आता पाकिस्तानात असलेल्या शेखुपुऱ्यात सुरू झाला आणि १९४७ नंतर अमृतसरला आला. शेखुपुरा हे नाव जहांगीरच्या 'शेखू' या लाडाच्या नावावरून पडले. ज्याची देग अजमेरात आहे, तोच हा. दिल्लीची पराठेवाली गल्लीही अशीच. चांदणी चौकात, जामा मशिदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १८७०च्या दशकापासून तेथे तुपात पराठे तळले जात आहेत. सगळे शाकाहारी, कांदा-लसूणही न घालता. शुक्रवारची नमाज पढून आलेला आणि गौरीशंकराच्या देवळातून आलेला, दोघेही तेथे एकाच बाकावर पत्रावळ पुढे ओढतात.

आणि आता ती कावड. श्रावणात हरिद्वारहून गंगाजल घेऊन लाखो कावडिये पायी निघतात. त्यांच्या वाटेवर मुजफ्फरनगरसारखे मुसलमानांची मोठी वस्ती असलेले जिल्हे आहेत. तेथे मुसलमानांनी चालवलेले शाकाहारी ढाबेही आहेत. जुलै २०२४ मध्ये या मार्गावरील प्रत्येक खाद्यपदार्थ विक्रेत्याने मालकाचे नाव ठळक लिहावे, असा हुकूम आधी मुजफ्फरनगर पोलिसांनी काढला आणि मग उत्तर प्रदेश सरकारने तो सगळ्या कावड मार्गाला लावला. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचे आहे ते लिहायला सांगता येईल, मालकाचे किंवा नोकराचे नाव लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. सुनावणीत न्यायमूर्ती एस. व्ही. एन. भट्टी यांनी स्वतःचा अनुभव सांगितला. केरळात असताना हिंदूचे आणि मुसलमानाचे अशी दोन शाकाहारी हॉटेले त्यांना ठाऊक होती. ते मुसलमानाच्या हॉटेलात जात, कारण तेथे स्वच्छता चांगली होती. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, क्यूआर कोड लावण्याचा नियम आला. त्या वादात न्यायालय शिरले नाही. परवाना आणि नोंदणी दर्शनी ठेवण्याचे जे कायदेशीर बंधन आहे ते पाळा, एवढेच त्याने सांगितले.

या प्रकरणात आपण नुसते चिडून उपयोग नाही. शाकाहारी माणसाच्या चौकशीला आपण हसता कामा नये. तवा कोणता, तेल कोणते, पळी कोठे बुडवली, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. आपणही परक्या गावात हलालची चौकशी करतोच. तो त्याचा ईमान, हा आपला. ऋषिकेशच्या हद्दीत अंडी विकण्यावर तेथील नगरपालिकेने बंदी घातली आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तो निर्णय कोणाला पटो वा न पटो, ते बंधन अंड्यावर होते आणि सर्वांना सारखे होते. पदार्थ काय आहे, हे विचारणे वेगळे. कढईपाशी उभा असलेला माणूस कोण आहे, हे विचारणे वेगळे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर लिहावे आणि खरे लिहावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर मागणे म्हणजे फलाटावरची ती जुनी आरोळी परत आणणे.

आपल्या भागापुरते बोलायचे तर मुंबई-गोवा महामार्ग पोलादपूरवरून जातो आणि येथूनच एक फाटा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो. येथे खाण्याचे दुकान काढणाऱ्या आपल्या तरुणांनी शाकाहारी गिऱ्हाइकासाठी भांडी खरोखर वेगळी ठेवावीत आणि तसे छाती ठोकून सांगावे. आपल्या लग्नांत शेजारच्या हिंदू कुटुंबांसाठी वेगळा आचारी बोलावण्याची रीत अनेक गावांत आहे, तिचाच हा रस्त्यावरचा विस्तार. त्याचबरोबर आपल्याही घरांत कोणासाठी कपबशी वेगळी ठेवली जाते का, हे पाहावे. १९२७ साली आपण रेषेच्या आत होतो आणि २०२४ साली बाहेर होतो. रेष ओढणारा हात जागा बदलतो, म्हणून आपली बाजू पाहून रेषेचे बरे-वाईट ठरवता येत नाही. फत्तेखानांनी जमीन दिली तेव्हा तळ्याचे पाणी त्यांच्या स्वतःच्या घरी येतच होते. त्यांना काहीही कमी पडलेले नव्हते. तरीही त्यांनी ती दिली, आणि महाडच्या मुसलमानांच्या इतिहासात सांगण्यासारखी गोष्ट आज आहे ती त्यामुळेच.